पाठकोरे

रुग्णालयाच्या नोंदी सांभाळणाऱ्या त्या खोलीत त्यांना सगळे कुलूपराव म्हणत. पाणी प्यायला उठले तरी कुलूपराव आधी स्क्रीन लॉक करत आणि मगच खुर्ची मागे सारत. बाकीच्यांची तऱ्हा निराळी. सकाळी जो पहिला येईल त्याने आपला पासवर्ड घालून संगणक उघडायचा आणि दिवसभर सगळ्यांनी त्याच्याच नावावर काम उरकायचं, अशी तिथली रीत. पासवर्ड आठवला नाही तर कीबोर्ड उलटा करायचा; चिठ्ठी खाली चिकटवलेलीच असे. उलटा केला की आतून बिस्किटांचा चुरा, नखांचे तुकडे, एखादा चिकट केस टेबलावर सांडे. कुलूपराव शिसारीने तोंड फिरवत. लोकांची दुखणी अशी उघडी टाकून ही माणसं निवांत नखं कशी कापत बसतात, हे त्यांना कधी उमगलं नाही.

शेजारच्या टेबलावर मामा बसत. ते कुणाचेच मामा नव्हते. पण सगळ्यांच्या डब्यात हक्काने हात घालत, म्हणून मामा. "रात्री झोपताना कवळीलाही कुलूप घालता का हो?" असं ते दर दोन दिवसांनी विचारत आणि स्वतःच हसत. कुलूपराव ऐकून घेत. बोलून दाखवण्यासारखं नसलं, तरी त्यांच्या कुलपाला कारण होतं.

त्यांच्या मुलीचं मन वर्षभर थाऱ्यावर नव्हतं. झोप उडालेली, खोलीचं दार कायम लोटलेलं. आमच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे चल म्हटलं की ती भिंतीकडे तोंड फिरवी. शेवटी एका अटीवर कबूल झाली.

"बाबा, तुमच्या ऑफिसात कुणाला कळता कामा नये. कळलं, तर मी तिथं पाऊल टाकणार नाही."

कुलूपरावांनी शब्द दिला. तिची नोंद ते स्वतःच करत. तिला नोंदींच्या खिडकीपाशी ताटकळावं लागू नये म्हणून डॉक्टरांच्या तपासणीचा कागदही स्वतः छापून घरी नेत. औषध लागू पडत होतं. परवा जेवताना ती चक्क हसली होती.

त्या दुपारी मामांनी प्रिंटरजवळच्या ट्रेमधून एक पाठकोरा कागद ओढला. छापताना बिघडलेले, मागून कोरे असे कागद त्या ट्रेमध्ये पडत. ज्याला जसे लागतील तसे तो उचली. कुणी कच्चं लिहायला, कुणी टेबल पुसायला. मामांना ते डब्याखाली अंथरायला लागत, तेही छापील बाजू वर करून, कारण काहीतरी वाचल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. डब्याच्या कडेवरून तेलाचा ओघळ उतरला आणि कागदावर पसरू लागला. मामांनी बोट चाटलं आणि तेच बोट ओळींवरून फिरवलं.

"ही बघा, तुमच्याच आडनावाची. झोप येत नाही, जगावंसं वाटत नाही म्हणे." त्यांनी घास चावता चावता मान हलवली. "सुख टोचतं यांना. तुमच्या नात्यातली आहे का हो?"

कुलूपरावांनी वाकून पाहिलं. ओळी तिरक्या छापलेल्या होत्या. मागच्या खेपेला कागद प्रिंटरमध्ये वाकडा गेला होता, म्हणून त्यांनी दुसरी प्रत काढली होती आणि हा तिरका कागद कडा नीट जुळवून, कोरी बाजू वर करून ट्रेमध्ये ठेवला होता. स्क्रीन लॉक करायला मात्र ते विसरले नव्हते. मुळात तो ट्रे त्यांनीच मांडलेला. कागद वाया गेलेला त्यांना बघवत नसे. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा.

"नाही," ते म्हणाले. "कुणी नाही."

हे बोलल्यावर आपल्याच तोंडात काहीतरी नासल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी डबा उचलून बाजूला ठेवला आणि कागद ओढून घेतला. मग अख्खा ट्रे मांडीवर घेऊन एकेक कागद फाडायला बसले. कुणाची गाठ, कुणाचा गर्भ, कुणाचं रक्त. काही कागदांच्या पाठीवर त्यांनी स्वतःच फोन नंबर उतरवले होते. उलटून कधी पाहिलं नव्हतं. आता कुलूपराव कागदांवर घसरले, असं मामा खोलीभर सांगत सुटले. सगळे हसले.

घरी त्यांनी साबणाने पुन्हा पुन्हा हात धुतले. बोटांचा तेलकट वास जाईना. मुलगी मोरीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"काय झालं, बाबा?"

खोटं बोलणं सोपं होतं. दुपारी एकदा बोलून झालंच होतं. पण त्याची चव अजून जिभेवर होती. त्यांनी नळ बंद केला आणि सगळं सांगितलं, तेलासकट. त्या 'कुणी नाही'सकट.

तिने त्यांच्या ओल्या हातांकडे पाहिलं. तोंडावर तीच शिसारी, जी रोज ऑफिसातल्या कीबोर्डांकडे बघताना त्यांच्या तोंडावर येई.

"गोळ्या घेईन मी," ती म्हणाली. "पण डॉक्टर दुसरीकडचा शोधीन. माझा मी. तुम्ही बरोबर येऊ नका."

ती खोलीत गेली. मग कडी लागल्याचा आवाज आला.