वार्निश सुकेपर्यंत

डिचोलीच्या बाजारात माझं सुतारकामाचं दुकान भर दुपारी बंद दिसलं की लोकांच्या पोटात दुखायला लागतं. दाराला कडी आणि मी बाहेर पायरीवर हात बांधून बसलेली. बाईमाणूस, त्यातून विधवा, बाजारात नुसती बसते म्हणजे काय. ह्यांना किती वेळा सांगू, की वार्निशचा हात दिल्यावर दुकानात रंधा मारायचा नसतो, केर काढायचा नसतो, आत जाऊन मोठ्याने खोकायचंसुद्धा नसतं. त्यात खाणीचे ट्रक रस्त्याने धावतात आणि त्यांची तांबडी धूळ फटीफटीतून आत येते. म्हणून ट्रकवाले जेवायला थांबले की मी हात देते, खिडक्यांना ओली गोणपाटं लावते आणि दार ओढून घेते. सुकणं हेही कामच आहे. ते लाकूड करतं, मी राखण करते.

माझा दीर भिकाजी ह्याला हे कधी पटलं नाही. नवरा गेल्यापासून त्याचा दुकानावर डोळा. त्याला तिथे ट्रकचे टायर विकायचे होते. "अर्धो दीस बंद आसता, ता कसला दुकान?" असं तो बाजारभर सांगत फिरायचा. देवळाच्या कमिटीने नवी पालखी करायला माझ्याकडे दिली तेव्हा तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. विधवेचा हात देवाच्या पालखीला कसा, हे आधी विचारून झालं. मग कमिटीपुढे म्हणाला, जत्रेआधी पालखी झाली नाही तर वैनीने दुकान खाली करावं.

मी म्हटलं, करते. रागाच्या भरात म्हटलं. काय बोलून बसले, ते घरी येताना कळलं. दुकान गेलं असतं तर मी त्या घरात भांडी घासण्यापुरती उरले असते, आणि मला ते नको होतं. मला माझा रंधा हवा होता.

पालखी जत्रेला वेळेवर निघाली, वाजतगाजत निघाली. पण माझा सण तो नव्हे. माझा सण त्याच्या आधीचा.

त्या दिवशी शेवटचा हात देऊन मी दार लावून बसले होते. भिकाजी कमिटीचे अध्यक्ष कृष्णनाथभाऊ आणि आणखी काही जणांना घेऊन आला.

"वैनी, दार उघड. देवाची पालखी कोंडून घालूक तू कोण?"

"पालखी सुकता हा, भावोजी. उद्या येवा."

कृष्णनाथभाऊ नरमाईने म्हणाले, "देवकीबाय, लांबसून बघतो आणि जातो."

म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणवेना. मी कडी काढली. "उंबऱ्याभायर रवान बघा. कोणी आत जाव नकात."

सगळ्यांनी चपला काढल्या, हात जोडले. आणि भिकाजी सरळ आत गेला. पालखी दिसली की आपल्याकडे हात आपोआप पुढे जातो, त्याचाही गेला. दोन्ही पंजे त्याने बाजूच्या फळीवर टेकले आणि भक्तिभावाने कपाळाला लावले. फळीवर पंजे उमटले, आणि ह्याचं कपाळ तपकिरी चकाकायला लागलं.

मला रडू आलं नाही. इतका राग आला की हसू आलं.

"आता गे?" कृष्णनाथभाऊंनी विचारलं.

"आता फळी काढून घासूची, परत हात देवचो, परत सुकवची."

"म्हंजे जत्रेक पावची नाय," भिकाजी लगेच म्हणाला. "वैनी, दुकान खाली कर."

"भावोजी, पयला कपाळ पुसा. टर्पेंटाइनान जाता. मगे हय पायरेर बसा. मी मागल्या अंगणात फळी घासतंय, पुढल्या दाराक राखण व्हयी. बिघडवलास तुमी, राखण तुमीच करूची."

त्याने कृष्णनाथभाऊंकडे पाहिलं. भाऊ चपला पायात घालत होते. "बस, भिकाजी," म्हणाले आणि चालू लागले.

बसला. मी फळी घासली, पुसली, संध्याकाळी ट्रक थांबेपर्यंत कळ काढली आणि हात दिला. मग ती आत आणून उभी केली आणि खिडकीच्या गोणपाटावर पाणी मारायला लागले. बाहेर चहावाला बाबली थांबलेला ऐकू आला.

"भिकाजी, बंद दुकानाच्या दारात कित्याक रे बसलस?"

भिकाजीचा आवाज आला, खाली मान घातल्यासारखा.

"बंद नाय रे. काम चालू आसा."

माझा हात थांबला. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं, हे दुकान माझं आहे. तेव्हा कुठे डोळे भरून आले.

रात्र झाली तोवर फळी तशी सुकत आली होती. तरी मी दार उघडलं नाही. त्याला बसू दिलं.