खुर्ची किती फरशा पुढे

"ऐका, निरीक्षण असं करतात," असं म्हणून मॅडमनी वही उघडली आणि ठकीचे कान गरम झाले. माध्यमांच्या वर्गाला काम मिळालं होतं: घरातलं एक माणूस टीव्ही कसं बघतं, ते चार महिने टिपून ठेवायचं. ठकीने आत्या निवडली होती. निवडायला दुसरं होतं तरी कोण? लहानपणी आईवडील गेले तेव्हापासून दोन खोल्यांत त्या दोघीच.

मॅडम वाचू लागल्या. "'पहिला महिना. प्रेक्षक टीव्हीपासून सात फरशांवर खुर्ची मांडते. दुसरा महिना, पाच. चौथा महिना, दोन. या वेगाने वर्षअखेर प्रेक्षक मालिकेत कामच करू लागेल.'"

वर्ग खो खो हसला. मॅडमनाही हसू आवरेना.

"'नायिका तोंड उघडेपर्यंत प्रेक्षक तिला ओळखत नाही. मालिकांतले सगळे चेहरे सारखेच, याचा हा पुरावा. बघताना तिची बोटं मांडीवरच्या उशीच्या शिवणीवरून सतत फिरतात. डोकं बंद पडलं की हातांना उरते ती यांत्रिक सवय.'"

या शेवटच्या वाक्याखाली मॅडमनी दोन रेघा मारल्या होत्या. गुण वर्गात सगळ्यांत जास्त. ठकी घरी आली ती जवळजवळ तरंगतच.

आत्या भरदुपारी घरात बसलेली होती. ती शर्टांच्या कारखान्यात तपासणीला होती. तयार शर्टावर सुटलेले धागे शोधायचे आणि छोट्या कात्रीने कापायचे, हे काम ती एकवीस वर्षं करत होती. अंगात ताप असला तरी तिचा खाडा नसे.

"आज लवकर कशी गं?"

"घरी पाठवलं." आत्या कात्री नसलेली बोटं उगाच चाळवत होती. "अकरा शर्टांच्या बाह्या कापल्या मी. धागा समजून कापडच कापलं. साहेब म्हणाले, आधी डोळे दाखवून या."

"चष्मा बदलायचा झाला असेल."

"तसंच असेल," आत्या म्हणाली. पण ती हे ठकीकडे न बघता म्हणाली, आणि ठकीला वर्गातली गंमत सांगायची घाई झाली होती.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ दिवा मारून पाहिलं. रक्तातल्या साखरेने डोळ्यांची आतून वाट लावली होती.

"नीट दिसेनासं कधीपासून झालं?"

"हे आत्ताच. महिना झाला असेल."

"महिन्याभरात एवढं होत नाही, मावशी. आठवून सांगा."

मॅडमनी परत दिलेली वही ठकीच्या पिशवीतच होती. काय काढतो आहोत हे कळायच्या आत तिने ती काढली. सात फरशा. पाच. पुढच्या महिन्यात तीन, आणि मग दोन. प्रत्येक नोंदीवर तारीख होती. तारखांसकट तिने सगळं वाचून दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी वही हातात घेऊन पानं चाळली. "इतकं बारकाईने लिहिलंय तू," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "मग यांना आधीच का नाही आणलंस?"

ठकीला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. उरलेली नजर टिकते का ते बघू, गेलेली परत यायची नाही, एवढंच काय ते तिला पुढचं ऐकू आलं.

घरी येताना आत्याने तिचा दंड धरला होता. रस्त्यात तीच बोलली. "कारखान्यात कळलं असतं तर त्याच दिवशी काढलं असतं मला. तुझं शेवटचं वर्ष. म्हटलं, तेवढं बोटांवर निभावून नेऊ. म्हणून संध्याकाळी सरावाला उशी घेऊन बसायचे. शिवणीवर धागा कुठे सुटलाय, ते बोटाला लागतं गं. जाड धागे सापडायचे. बारीक निसटायचे."

ठकी चालत राहिली. तिला मोठ्याने रडायचं होतं, पण दंड हलला असता तर आत्या अडखळली असती.

संध्याकाळी मालिकेची वेळ झाली. आत्याने खुर्ची ओढत ओढत पार मागे नेली आणि भिंतीला टेकवली.

"एवढ्या लांब?"

"आता कुठेही ठेवली तरी सारखीच. इथे पायात तरी येणार नाही." ती बसली. उशी मांडीवर घेतली आणि मग बाजूला ठेवून दिली. "टीव्ही राहू दे. ती वही वाच ना. वर्ग हसला म्हणालीस. मलाही हसव की."

ठकीने हो-नाही केलं. पण आत्या हट्टाला पेटली की पेटली. मग ठकी खाली फरशीवर बसून वाचू लागली. वर्षअखेर मालिकेत कामच करू लागेल, इथे आत्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. चेहरे सारखेच असतात, इथेही हसली. "अगदी खरं आहे," म्हणाली.

दोन रेघा मारलेल्या ओळींपाशी ठकी थांबली.

"थांबलीस का?"

"पान संपलं."

आत्याने वाकून हात पुढे केला. वही चाचपली, पानावर बोट टेकवलं आणि कारखान्यात शिवण तपासावी तसं सावकाश खाली नेलं.

"अजून आहेत की ओळी," ती म्हणाली. "पेन केवढं दाबून लिहितेस तू. वाच."