पदरावरची माशी

मी एक माशी बोलतेय. हात हलवू नका, मी उडणार नाही आणि तुमच्या आमरसावरही बसणार नाही. माझ्यात आहे एक पोलादी गळ, थोडी पिसं, रेशीम आणि जर. थंड देशांतल्या नद्यांत सॅमन नावाचा मासा असतो. समुद्रातून नदीत चढून आला की तो काही खात नाही म्हणे. अशा भूक नसलेल्या माशाला भुलवायला तिकडच्या लोकांनी माझ्यासारख्या नटव्या माश्या बांधल्या. माणसाची हौस, दुसरं काय!

माझा जन्म मात्र नदीकाठचा नाही. दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरातल्या एका सरकारी क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावर मी जन्मले. मला बांधणारे विलासराव केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी. घर पक्कं शाकाहारी. हाताने काही करण्याचं म्हणाल, तर त्यांच्या शर्टाचं बटणसुद्धा त्यांच्या पत्नी अहिल्याबाईच लावून द्यायच्या.

त्यांच्या मुलीचं, स्वानंदीचं, लग्न ठरलं होतं. विलासराव मोबाइलवर फेटा बांधायला शिकत होते. फेटा संपला आणि मागून आपोआप दुसराच व्हिडिओ सुरू झाला. कोणी परदेशी आजोबा गळावर एकेक पीस बांधत होते. विलासरावांचा चहा निवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्या आल्या त्यांनी पुन्हा तेच लावलं, तिसऱ्या दिवशीही तेच. फेटा राहिला बाजूला.

"अगं, आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी स्वतः करावंसं वाटतंय," ते अहिल्याबाईंना म्हणाले.

"करा की. भाजी निवडा," अहिल्याबाई म्हणाल्या.

गळ त्यांनी बाहेरून मागवला. अस्सल पिसं दुर्मीळ पक्ष्यांची, ती आणणं म्हणजे कायद्याशी गाठ. मग विलासराव कॉलनीतल्या बॅडमिंटन कोर्टावरची टाकून दिलेली शटलकॉक खिशातून घरी आणू लागले. त्यांची पिसं हळदीत आणि बिटाच्या रसात रंगवली. मोराचं एक गळलेलं पीस सकाळी फिरताना सापडलं. माझ्या थोरल्या बहिणींचं काही विचारू नका. एक भिजलेल्या कोंबडीसारखी दिसायची, दुसरी गाठ सुटून वरणात पडली.

इकडे अहिल्याबाईंची रुखवताची तयारी चालली होती.

"रुखवत म्हणजे ते डिस्प्ले टेबल ना?" स्वानंदीने विचारलं. पोर दिल्लीत वाढलेली.

"मुलीकडच्यांनी हाताने केलेल्या वस्तू मांडतात गं. आम्हा बायकांच्या हातचं कौतुक."

"त्यात माझ्या हातचंही एक असू दे," विलासराव हळूच म्हणाले. "पोरगी बंगळूरला जाणार. बापाने तिच्यासाठी फक्त चेक फाडले, असं नको."

"लग्नात गळ मांडायचा? लोक म्हणतील, जावई गळाला लावला!" अहिल्याबाई हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. तेव्हा विलासरावांनी मला बांधायला घेतलं.

माझ्या अंगावर चमकती तार गुंडाळायची होती. बाजारातली प्लॅस्टिकची तार त्यांच्या मनास येईना. कपाटाच्या तळाशी त्यांना जुन्या धोतरात गुंडाळलेली एक साडी दिसली. धोतर जुनं, साडीही जुनी, तेव्हा ही भांडीवालीला द्यायची असणार, असं ते धरून चालले. पदराच्या कडेची जर त्यांनी अलगद ओढून काढली. ज्यांनी कधी साड्यांचं कपाट लावलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मऊ धोतरात बांधून ठेवतात ती घरातली सगळ्यात जपलेली साडी असते. ती अहिल्याबाईंच्या दिवंगत आईची पैठणी होती. सीमांतपूजनाला स्वानंदी तीच नेसणार होती.

मी देखणी झाले. आपल्या तोंडाने सांगू नये, पण झाले.

रविवारी अहिल्याबाईंनी घडी मोडून वारा द्यायला पैठणी काढली. पदराच्या कडेला हातभर लांब नव्हे, पण चांगली तळहाताएवढी जागा विरळ झालेली. त्या साडी घेऊन तशाच बाहेर आल्या. मग टेबलावर मला पाहिलं आणि सगळं उमगलं.

"अहो, ही जर..."

"मला वाटलं, जुनी साडी आहे."

"जुनीच आहे. आईची आहे."

एवढं बोलून त्या पदराची कड बोटांनी सारखी करू लागल्या. विलासरावांना भांडण चाललं असतं, हे बघवेना. त्यांनी मला टेबलाच्या कडेला लावलेल्या चिमट्यात अडकवलं आणि ब्लेड उचललं.

"उसवतो मी हिला. जर परत देतो."

ब्लेड माझ्या गळ्याशी आलं. मला भीती वाटली, खरंच वाटली.

"थांबा. उसवून तुकडेच येणार हातात." अहिल्याबाईंनी मला उचलून उजेडात धरलं. जरीचे वळसे एकाला एक लागून होते. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. "हे तुम्ही केलंत? गाठ कुठे दिसत नाही."

"दिसता कामा नये. तेच तर कठीण असतं," विलासराव खाली मान घालून म्हणाले.

"राग गेलेला नाही माझा."

"नको जाऊ दे. माझी चूकच आहे."

स्वानंदी दारात उभी होती. ती पुढे आली आणि मला पदरावरच्या त्या विरळ जागी ठेवलं. "आई, देख ना. आजीचीच जर आहे, आजीच्याच पदरावर. मी अशीच नेसणार. बिल्कुल अशीच."

"गळ आहे तो. टोचेल तुला."

विलासराव आतून पक्कड घेऊन आले. पण हात चालेना. "टोक गेलं की मासा नाही पकडता येणार हिला," ते म्हणाले.

"बाबा, यमुनेत सॅमन आहे का?"

विलासरावांनी डोळे मिटून टोक तोडलं. मला वाईट वाटलं. गळाची सारी ऐट टोकात असते.

सीमांतपूजनाला मी स्वानंदीच्या पदरावर टाके घालून बसले होते. टाके अहिल्याबाईंचे. रुखवतात माझ्यासाठी राखलेल्या जागी बेसनाचा लाडू गेला. वरपक्षाकडच्या एक बाई वाकून बघत म्हणाल्या, "किती सुंदर! कुठून घेतलंत हे?"

विलासराव खांबाआड सरकले. अहिल्याबाई मात्र मान ताठ करून म्हणाल्या, "घेतलं नाही. ह्यांच्या हातचं आहे." मंडपात इतका गोंगाट होता, तरी विलासरावांनी ते ऐकलं. मग उगाचच फेटा नीट करत बसले.

आता मी बंगळूरला स्वानंदीच्या कपाटात असते, पैठणीबरोबर, त्याच धोतरात. दिल्लीच्या त्या टेबलावर माझ्या धाकट्या बहिणी जन्माला येताहेत आणि त्यांच्यासाठी रेशीम निवडायला अहिल्याबाई बसतात, असं कानावर येतं. तुमच्या कपाटात असं धोतरातलं गाठोडं असेल, तर हात लावण्याआधी घरात विचारा, एवढंच मागणं आहे. आणि घरातलं कोणी अवेळी एखाद्या वेडात पडलं, तर थोडं हसा, पण त्याचं टेबल आवरून टाकू नका.

अधूनमधून स्वानंदी पैठणीला सावलीत वारा देते. घडी घालताना तिचा अंगठा माझ्यावरून फिरतो आणि जिथे टोक होतं तिथे थांबतो. टोचत नाही. मग ती बाबांना फोन लावते.