पहिला नागच

मुलीला स्थळ बघताना लोक करत नाहीत एवढी चर्चा आमच्याकडे सापावर चालली होती. चैत्रालीचे धामण, दिवड, तस्कर सगळे पकडून झाले होते. आता पहिला विषारी कुठला? माझं म्हणणं, कुठलाच नको. पण शाळेत पोरं ऐकतात तेवढंही घरी माझं कुणी ऐकत नाही. तिचा बाबा, म्हणजे माझा नवरा अरविंद, अख्ख्या महाडला ठाऊक असलेला सर्पमित्र. त्याचं एकच पालुपद. "पहिला नागच. तो उभा राहतो, फणा काढतो, दिसतो. फुरसं तर मुळीच नको."

"फुरसं वीतभर असतं, बाबा."

"तिथेच सगळे फसतात."

रविवारी दुपारी तुडील गावाहून रामजी नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. अंगणातल्या चिऱ्यांच्या ढिगात नाग शिरलाय. बापलेक निघाले तशी मीही गाडीत बसले.

"तू कशाला?" अरविंद म्हणाला.

"मग काय घरी देव पाण्यात घालून बसू?"

वाटेत समोरून आलेला ट्रॅक्टर त्याला फार उशिरा दिसला. त्याने उन्हावर खापर फोडलं. माझं सगळं लक्ष चैत्रालीकडे. ती मागे बसून बोटं मोडत होती.

रामजींनी वरचे चिरे बाजूला काढून ठेवले होते. "नाग नाय, फुरसा हाय. एवढासा तर हाय, धरू दे की पोरीला."

चैत्रालीने बाबाकडे पाहिलं.

"नको. मागे हो," अरविंद म्हणाला. "हे मी बघतो."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याला इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही.

तो हुक घेऊन उकिडवा बसला. फुरसं अंगाला अंग घासून खरखर करू लागलं. अरविंदने मान कलती करून कान दिला. मग हुक पुढे गेला तो झावळीच्या सुक्या तुकड्याकडे. फुरसं लाल मातीत, त्याच्या डाव्या गुडघ्याशी होतं.

मी ओरडायला तोंड उघडलं.

"बाबा, हलू नकोस," चैत्राली म्हणाली. तिने त्याच्या हातून हुक घेतला. त्याने मुकाट्याने दिला.

"माझ्यापासून किती लांब आहे?"

"वीतभर."

तिने फुरसं हुकावर अलगद तोललं, बरणीत सोडलं आणि झाकण फिरवलं.

परतताना गाडी मी चालवली. घरी पोचेपर्यंत तरी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझ्याने राहवेना. "कधीपासून लपवतोयस? आणि वर तिला शिकवायला निघालास?"

"म्हणून तर नाग म्हणत होतो," तो म्हणाला. "ती साप धरणार आणि मी शेजारी उभा राहणार. मला दिसेल असा एखादा तरी हवा ना."