घरगुती कारण

नवऱ्याला बढती मिळाली की चार ठिकाणी फोन जातात. बायकोला मिळाली की आधी नवऱ्याचा चेहरा पाहावा लागतो. शिकल्यासवरल्या घरांतही हे असंच चालतं.

या घरातला नवरा सांख्यिकी कार्यालयात होता. कोणत्या देशात संशोधक किती, किती वाढले, किती गळले, याची तुलना करणं हे त्याचं काम. बायको औषधांच्या प्रयोगशाळेत संशोधक. कॉलेजात दोघं एकाच वर्गात. पहिला नंबर याचा, दुसरा तिचा. हे तो अजून विसरला नव्हता.

त्या दिवशी तिला परगावच्या नव्या प्रयोगशाळेचं प्रमुखपद देऊ केलं गेलं. उत्तर उद्यापर्यंत कळवायचं होतं. "छान," तो म्हणाला आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. तिच्या हाताखाली एवढी माणसं, आणि आपण अजून साहेबांच्या दाराशी ताटकळत उभे! मग तो काळजीच्या सुरात म्हणाला, "पण मुलीच्या शाळेचं काय? आईच्या गुडघ्यांचं काय?"

"नकार कळवते मग," असं म्हणून ती ओट्याकडे वळली. त्याला हायसं वाटलं. त्याची थोडी लाजही वाटली, पण ती त्याने गिळून टाकली.

संध्याकाळी तो अहवाल तपासत बसला. आई निवृत्त शिक्षिका. शुद्धलेखनासाठी त्याचे कागद तीच वाचायची. एका ओळीवर ती थांबली.

"इथे लिहिलंयस, इतर देशांत बायका संशोधनात टिकतात, आपल्याकडे तिशी-पस्तिशीत गळतात. कारण घरगुती. घरगुती कारण म्हणजे कोण रे?"

"कोण नाही गं. मुलं, म्हातारी माणसं..."

"माझ्या गुडघ्यांवर ढकलू नकोस, मगाशी तुमचं बोलणं ऐकलंय मी. मला कोणी विचारलं? हेच पद तुला मिळालं असतं तर पोरीला तिथे शाळा मिळाली असती की नाही?"

"मिळाली असती."

"मग? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

त्याने चिडायचं ठरवलं, पण जमलं नाही. "जळतो मी तिच्यावर," तो हळूच म्हणाला.

"मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

तो स्वयंपाकघरात गेला. "शाळेचं मी निमित्त केलं. खरं म्हणजे मला तुझा हेवा वाटला."

"माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर नाही म्हणत होते. तुझी नाराजी पाठीवर घेऊन तिकडे काम कसं करू?"

"ती नाराजी जायला वेळ लागेल. पण तू तिच्यासाठी थांबू नकोस. शाळेचं उद्या मी बघतो."

तिने तिथेच उभ्या उभ्या होकार कळवला.

मंडळी, हेवा कुणालाही वाटतो, त्यात पाप नाही. त्याला काळजीचं नाव देऊन दुसऱ्याची वाट अडवणं हा मात्र अन्याय आहे. देशात संशोधक का टिकत नाहीत, हे सरकारला जरूर विचारा. पण आपल्या घरात आपल्यामुळे कोण थांबलंय, ते त्याआधी विचारा.