बंकटच्या नावाचा घास

वच्छलाबाईंनी शूटिंगवाल्या कय्युमच्या दुकानात पिशवीतून सीडी काढली आणि कय्युमनं ती लगेच ओळखली. शूटिंग त्याचंच होतं. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात आष्टीजवळ सोसायटीनं चारा छावणी चालवली, तेव्हाचं. सरकारला दाखवायला एकेक मालक बैलांसकट कॅमेऱ्यापुढं नाव सांगायचा.

बाईंचे यजमान आश्रुबा त्याच छावणीत ऊन लागून गेले. तेव्हापासून त्यांच्या पित्राच्या घासाला कावळा शिवत नव्हता. जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेल्या बाई पत्र्याकडं बघून नावानं हाका मारायच्या, तरी नाही. आणि सीडीत आश्रुबा बोलायला तोंड उघडून नेमके तिथंच अडकायचे.

"त्यांचं कायतरी सांगायचं ऱ्हायलंय," बाई म्हणाल्या. "तेवढं ऐकव बाबा. मी पुरं करते."

काय राहिलंय ते कय्युमला तोंडपाठ होतं. छावणीत जनावरं थोडी, कागदावर ढीगभर. सोसायटीवाले म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं. त्यांनी आश्रुबांना तीच बैलजोडी घेऊन कॅमेऱ्यापुढं पुन्हा उभं केलं, आदल्या साली वारलेल्या बंकटच्या नावानं. आश्रुबा कचरले. नुसतं नाव घेतल्यानं माणूस मरतो का, असं हसत म्हणणारा कय्युमच. चौथ्या दिवशी आश्रुबा गेले.

त्यानं फडक्यावर टूथपेस्ट घेतली. मधून कडेकडं सरळ पुसलं तर ओरखडा जातो. गोल घासलं की सीडी कायमची आंधळी. गोल घासायचं मनात आलं, खोटं कशाला बोला. पण बाई एकटक त्याच्या बोटांकडं बघत होत्या. हात सरळच चालला. धुऊन, पुसून त्यानं सीडी लावली.

आश्रुबांनी तोंड उघडलं, जरा थरथरले आणि पुढं बोलले. "माझं नाव बंकट. बैल माझेच हायती."

कय्युमनं सगळं कबूल केलं. बाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या पिशवी उचलून घरी निघाल्या, तोही मागोमाग गेला. त्या दिवशीच आश्रुबांचं पित्र होतं. सकाळपासून घास पत्र्यावर वाळत पडला होता.

बाईंनी वर बघून हाक मारली, "बंकटराव, या."

कावळा कुठून आला कळलं नाही. घास उचलून उडालासुद्धा. बाईंनी हात जोडले, मग हळूहळू खाली घेतले.

"कय्युम," त्या म्हणाल्या, "घास कुणी नेला रं? ह्यांनी, का बंकटरावांनी?"

बंकटचं नाव आश्रुबांच्या तोंडी कय्युमनंच घातलं होतं.