खडूच्या पाच रेघा

"फुंकरमहाराज की जय!"

आमच्या शिवणाच्या दुकानात एवढी गर्दी घुसली होती, की अर्धवट शिवलेल्या कोटांनाही टांगायला जागा उरली नव्हती. मधोमध आमचे हे, म्हणजे दुकानाचे मास्टर, उजवा हात सगळ्यांना नाचवून दाखवत होते. "बघा! एका फुंकरीत लकवा पळाला!"

झालं होतं असं. सकाळी कापडावर खडूने रेघ मारताना यांचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं. मी लेकीला फोन केला. ती नर्स. "अँब्युलन्स घेऊनच येते," म्हणाली. तेवढ्यात शेजारचा इस्त्रीवाला महाराजांना घेऊन आला. महाराजांनी फूऽऽ केलं, आणि यांनी हात वर केला!

"रोग डाव्या नाकपुडीतून शिरला होता, उजवीतून काढला," महाराज म्हणाले. "आता अकरा दिवस गोळी नाही, सुई नाही. रोज एक फुंकर."

सुई नाही! शिंप्याच्या दुकानात उभं राहून!

लेक आली. "अप्पा, चला."

"अगं, मी ठणठणीत आहे!"

"म्हणूनच चला. रक्ताच्या गुठळीने मेंदूची शीर थोडा वेळ तुंबली असणार आणि आपोआप मोकळी झाली. पण दुसरी, मोठी गुठळी आज-उद्याच येऊ शकते. मग हात परत यायचा नाही. कदाचित तुम्हीही."

"नास्तिक पोर!" महाराज कडाडले. गर्दी तिच्यावरच डोळे वटारायला लागली. हे म्हणाले, "महाराजांनी फुंकलं, मग हात उचलला. मी काय आंधळा आहे?"

मी यांच्या चपला शोधायला लागले. टेबलाखाली वाकायला गेले, तर समोर ते कापड. यांची एक खोड आहे, रेघ चुकली की लगेच दुसरी मारायची, जीव गेला तरी. कापडावर पाच रेघा होत्या. पहिली घसरत टेबलाच्या कडेपर्यंत गेलेली. दुसरी गांडुळासारखी. तिसरी, चौथी जरा बऱ्या. पाचवी पट्टीने मारावी तशी सरळ.

"अहो, ही पाचवी कधी मारलीत?"

"ती ना? इस्त्रीवाला 'महाराज आले' म्हणून ओरडला, तेव्हा ती मारूनच खडू खाली ठेवला की मी." एवढं बोलून यांनी स्वतःच त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे हात आधी आला आणि महाराज मागून!" मी म्हणाले.

इस्त्रीवाला आधी खो-खो हसला, मग सगळी गर्दी.

"माझी फुंकर दुरूनही पोचते," महाराज पुटपुटले.

"मग रोज यायचं कशाला? फोनवरून फुंका!" लेक म्हणाली.

महाराज कोटांच्या आडून कधी सटकले, कळलंच नाही. मी मात्र यांचा हात घट्ट धरला. "अहो, मला तुम्ही हवे आहात. चला ना." हे मुकाट्याने अँब्युलन्समध्ये बसले.

डॉक्टरांनी आधी मेंदूचा फोटो काढला. शीर फुटून रक्त सांडलं असेल तर उपाय वेगळा, तुंबली असेल तर वेगळा. म्हणून घरच्या घरी कुठलीही गोळी देऊ नये, म्हणाले. यांच्या मानेतली शीर इतकी अरुंद झाली होती, की जेमतेम धागा जाईल. ती मोकळी केली. आज हे पुन्हा कोट बेततात आणि माझ्या काजांना नावं ठेवतात.

ते कापड आम्ही भिंतीवर लावलंय. गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा सांगतो: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, यांतलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवा आणि थेट मोठा दवाखाना गाठा. दहा मिनिटांत बरं वाटलं तरी गाठा.

फुंकर काय, ती गरम चहावर मारा.